खिंडीची उतरण : उंबरखिंडीच्या समरभूमीचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

प्रास्ताविक

आपल्या पनवेलच्या परिसरात स्मारकांची उणीव नाही. शिरढोण येथे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्म झाला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी दूर एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेर आहे. तेथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. या दोन्ही ठिकाणी स्मारके आहेत व त्या त्या दिवशी माणसे जमतात. शाळेत असताना आम्हांलाही रांगेने नेण्यात येई. आम्ही फूल वाही, घोषणा देई आणि खाऊ घेऊन परत येई. स्मारक म्हणजे फूल वाहण्याची जागा, एवढीच माझी समजूत होती.

प्रस्तुत लेखात मी उंबरखिंड या रणक्षेत्राविषयी लिहिणार आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी येथे छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखान याच्या फौजेस कोंडून शरण आणले. दरवर्षी २ फेब्रुवारीस तेथे विजयदिन साजरा होतो. या दिवशी मी दोनदा तेथे गेलो. पहिल्या वेळी मी स्मारक पाहिले. दुसऱ्या वेळी खिंड पाहिली. या दोन फेऱ्यांत जो फरक पडला तो ग्रंथालयामुळे जितका पडला तितकाच माझ्या वडिलांमुळे पडला. म्हणून हा अभ्यासलेख असला तरी त्यात घरचे थोडे येईल. वाचकांनी त्याबद्दल क्षमा करावी.

मोहिमेची पार्श्वभूमी

१६६० हे साल स्वराज्याच्या दृष्टीने मोठे कठीण होते. एकीकडे सिद्दी जौहरचा पन्हाळ्यास वेढा पडला होता. जुलै महिन्यात महाराज त्यातून निसटले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे धारातीर्थी पडले. दुसरीकडे औरंगजेबाचा मामा शाएस्ताखान मे महिन्यात पुण्यात येऊन बसला होता. त्याने चाकणचा संग्रामदुर्ग घेतला, पण हा लहानसा भुईकोट घेण्यास त्याला जूनपासून ऑगस्टपर्यंत झुंजावे लागले. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने तो शर्थीने लढविला होता.

एकेक किल्ला घेण्यात असा काळ जाऊ लागल्यावर खानाने कोकणाकडे लक्ष वळविले. कल्याण, भिवंडी, पनवेल, नागोठणे हा घाटाखालचा मुलूख घेण्यासाठी त्याने कारतलबखान या उझबेग सरदारास पाठविले. वाचकहो, या यादीत आपल्या पनवेलचे नाव आहे, हे मला प्रथम वाचताना फार विशेष वाटले. ही मोहीम सफळ झाली असती तर ती फौज आपल्याच गावावर येणार होती.

कारतलबखानाबरोबर माहूरच्या उदाराम घराण्यातील रायबागन ही कर्तबगार स्त्री होती. काही मराठी सरदारही मोगलांच्या बाजूने होते. हा केवळ दोन धर्मांचा किंवा दोन भाषांचा झगडा नव्हता, हे यावरून ध्यानात येते. खानाने बोरघाटाची नेहमीची वाट न धरता लोणावळ्याजवळील कुरवंडे येथून खाली उतरणारी अवघड वाट धरली. ही वाट दाट रानातून अंबा नदीच्या खोऱ्यात, आजच्या खालापूर तालुक्यातील चावणी गावापाशी उतरते. तेथेच उंबरखिंड आहे.

महाराजांनी त्याला घाट उतरू दिला. फौज खिंडीत पुरती शिरल्यावर पुढची व मागची दोन्ही तोंडे बंद झाली आणि दोन्ही अंगांच्या रानातून मारा सुरू झाला. या प्रसंगी सेनापती नेताजी पालकर महाराजांबरोबर होते. आपल्या परिसरात चौक हे नेताजींचे गाव म्हणून ओळखले जाते. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, रानात वारा नाही व प्यायला पाणी नाही, अशी मोगलांची गत झाली. तेव्हा रायबागनने खानास खडे बोल सुनावून शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो मानला, वकील पाठविला व अभय मागितले. महाराजांनी ते दिले. सामानसुमान व खंडणी ठेवून फौजेस जिवानिशी परत जाऊ देण्यात आले.

ही हकीकत प्रामुख्याने कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात येते. परमानंद हा नेवाशाचा आणि महाराजांचा समकालीन होता. म्हणून काव्य असूनही इतिहासाचे साधन म्हणून या ग्रंथास मोठी किंमत आहे. मात्र तो महाराजांच्या पदरचा कवी होता, हेही अभ्यासकाने विसरता कामा नये.

पहिली फेरी

गेल्या वर्षी, प्रथम वर्षात असताना, मी चार मित्रांबरोबर उंबरखिंडीस गेलो. पनवेलहून एस.टी.ने खोपोली, तेथून पालीच्या रस्त्याने शेमडी, व पुढे चावणी. अंबेच्या काठी स्मारक आहे. त्या दिवशी तेथे भगवे झेंडे, ढोलताशे, मर्दानी खेळ, मशाली, व्याख्यान असा मोठा सोहळा होता. आम्ही मानवंदना पाहिली, फोटो काढले, जयजयकार केला आणि दुपारी खोपोलीस वडापाव खाऊन परत आलो. मन भरून आले होते, हे मी नाकारीत नाही.

पुढे वर्गात या लढाईवर टिपण लिहावयाचे होते. मी पाच पाने लिहिली. ‘गनिमी काव्याचा उत्कृष्ट नमुना’ हे शब्द त्यात तीन वेळा आले होते. आमच्या सरांनी वही परत देताना एकच प्रश्न विचारला, “तू स्वतः जाऊन आलास ना? मग खिंड केवढी रुंद आहे, सांग.”

मला उत्तर देता आले नाही, कारण मी खिंडीत गेलोच नव्हतो. स्मारकापासून वर जी वाट रानात शिरते तिच्याकडे आमच्यापैकी कोणी पाहिलेही नव्हते. सोहळ्याला आलेली बहुतेक मंडळीही तेथूनच परत फिरली होती. वर्गात कोणी हसले नाही, तरी मला फार ओशाळल्यासारखे झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पुस्तकातले लिहिले की ज्ञान झाले, असे मला तोपर्यंत खरोखरच वाटत होते.

स्मारक आणि रणभूमी

त्यानंतर मी या विषयावर जमेल तसे वाचू लागलो. स्मारक आणि रणभूमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला हळूहळू समजले. आपल्याच रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे सुपुत्र नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण पाहा. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीतून लढताना १० जुलै १९४४ रोजी ते इटलीत धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे स्मारक माणगावास आहे, पण ज्या डोंगरउतारावर ते पडले तो हजारो किलोमीटर दूर आहे. २०२३ साली इटलीतील माँटोने या गावी त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. तेथील माणसांना ती भूमी रोज दिसते. माणगावच्या मुलांना मात्र ती कल्पनेनेच पाहावी लागते.

दुसरे उदाहरण जर्मनीचे. इसवी सन ९ मध्ये व्हारस या रोमन सेनापतीच्या तीन पलटणी ट्युटोबर्गच्या रानात जर्मन टोळ्यांनी कापून काढल्या. आर्मिनियस हा त्या टोळ्यांचा नायक होता. १८७५ साली जर्मनांनी डेटमोल्डजवळच्या टेकडीवर त्याचा भव्य पुतळा पुरा केला. पण १९८७ पासून काल्क्रीझ येथे रोमन नाणी, गोफणीच्या शिशाच्या गोळ्या आणि शस्त्रांचे तुकडे मिळू लागले. रणक्षेत्र बहुधा तेथे असावे, असे आता अनेक संशोधक मानतात. हे ठिकाण पुतळ्यापासून सत्तरएक किलोमीटर दूर आहे! शंभर वर्षे लोक पुतळ्याला वंदन करीत होते, आणि पुरावा भलतीकडेच मातीत होता.

उंबरखिंडीचे भाग्य असे की येथे स्मारक आणि रणभूमी एकाच ठिकाणी आहेत. परमानंदाने जे लिहिले ते पायाखाली पडताळून पाहता येते. त्यासाठी फक्त स्मारकाच्या पुढे चालावे लागते.

दुसरी फेरी

यंदा २ फेब्रुवारीस जायचे ठरविले तेव्हा मित्रांपैकी कोणी मोकळे नव्हते. रात्री जेवताना वडील म्हणाले, “मी येतो. मलाबी सुट्टीच हाय.”

माझे वडील वाशीच्या धान्यबाजारात माथाडी कामगार आहेत. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, डोंगरात. सोळाव्या वर्षी ते मुंबईस आले व तेव्हापासून पाठीवर गोणी वाहत आले आहेत. पूर्वी शंभर किलोची गोणी असे, आता पन्नास किलोची असते. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्या चौथीपर्यंत शिकले आहेत.

खरे लिहायचे तर मला ते आलेले नको होते. कार्यक्रमाला कॉलेजमधील मुले भेटतील, प्राध्यापक भेटतील. तात्या टोपी, पायजमा आणि कापडी पिशवी घेऊन सोबत असतील, असे काहीसे मनात आले. ते आज कागदावर लिहिताना मला लाज वाटते, पण न लिहिले तर पुढील मजकुरास अर्थ राहणार नाही.

चावणीस पोहोचलो तेव्हा सोहळा सुरू झाला होता. तात्यांनी चपला बाहेर काढल्या, स्मारकास हात लावून नमस्कार केला. व्याख्यान संपेपर्यंत ते एका दगडावर बसून शांतपणे ऐकत होते. मग मला म्हणाले, “हे झालं. आता ती वाट कुठाय?”

आम्ही वर निघालो. ढोलांचा आवाज हळूहळू मागे पडला. पात्रातले मोठमोठे धोंडे, मग रान, मग चढ. काही ठिकाणी दोन माणसे जेमतेम शेजारून जातील एवढीच वाट होती, काही ठिकाणी एकच. फेब्रुवारी असूनही रानात उकडत होते. झाडी दाट असल्याने वारा लागत नव्हता. ‘शिवभारता’तील निर्वात अरण्य ते हेच, असे मला वाटले. मी वही काढून टिपू लागलो.

तासाभराने एका वळणावर वरून एक बाई लाकडांची मोळी डोक्यावर घेऊन उतरताना दिसल्या. तात्या लगेच वाट सोडून बाजूच्या झुडपांत उभे राहिले आणि मलाही ओढले. बाई पाय आडवे टाकीत, एकेक पाऊल चाचपीत खाली गेल्या. त्या गेल्यावर तात्या म्हणाले, “बघितलंस का? वझं घिऊन चढाय दम लागतो, पर उतराय गुडघं लागत्यात. चढताना मानूस थांबू शकतं. उतरताना वझंच मागनं ढकलतंय. तुझ्या त्या खानाचं सामान कुनाच्या डोक्यावर होतं?”

मी निरुत्तर झालो. कारण हा प्रश्न मी वाचलेल्या कोणत्याच पुस्तकाला मी विचारला नव्हता.

उतरणीचे गणित

त्या वळणावर बसून आम्ही दोघांनी जे गणित मांडले ते येथे देतो. एकेरी वाटेवर दोन माणसांत दीड मीटर अंतर धरले, तर एक हजार माणसांची रांग दीड किलोमीटर लांब होते. पाच हजार माणसे म्हटली तर साडेसात किलोमीटर. यात घोडा, बैल, तंबू, दारूगोळा, धान्य धरलेले नाही. खानाच्या फौजेचे आकडे निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे दिलेले आहेत. पण त्यांतला लहानात लहान आकडा घेतला तरी निष्कर्ष बदलत नाही. पुढचा शिपाई अंबेच्या पात्रात आला असेल तेव्हा मागचा घाटमाथ्यावरच असणार. अशा रांगेला सेना म्हणता येत नाही. तिच्यात लढू शकतो तो फक्त पुढचा आणि मागचा माणूस. मधले सारे नुसते उभे असतात.

तात्यांनी यात आणखी भर घातली. बाजारात गाडी भरताना फळीवरून हमालांची ओळ चढते. पुढचा अडला की मागचे सगळे पाठीवर गोणी घेऊन ताटकळतात. “पुढं काय झालंय ते मागल्याला ठावं नसतं,” ते म्हणाले. “आम्ही वरडून सांगतो. हितं रानात कोन कुनाला सांगनार? आन वाट सोडून बाजूला कुठं हुनार? मघाशी आपुन मोकळं हुतो म्हनून बाईला वाट दिली. सगळ्यांच्याच डोक्यावर वझं आसंल तर कोन कुनाला वाट देनार?”

माझ्या मते उंबरखिंडीच्या विजयाचे मर्म या वाक्यात आहे. महाराजांनी शत्रूला घाटमाथ्यावर का अडविले नाही, उतरू का दिले, याचे उत्तर आपण ‘गनिमी कावा’ या दोन शब्दांत देतो व पुढे जातो. पण त्या शब्दांच्या पोटात बरेच काही आहे. माथ्यावर फौज पसरून उभी राहू शकली असती. खिंडीत तिचे संख्याबळच तिचे ओझे झाले. जितकी माणसे अधिक तितकी रांग लांब, तितकी तहान मोठी, तितके मागे फिरणे कठीण. उतरून आलेल्या ओझ्यानिशी तोच कडा पुन्हा चढणे तर जवळजवळ अशक्यच. रायबागनने हे ओळखले. तिचा सल्ला भ्यालेल्या माणसाचा नव्हता. जमीन वाचता येणाऱ्या माणसाचा होता.

येथे ट्युटोबर्गशी तुलना केल्यास एक मोठा फरक दिसतो. तेथेही रान होते, अरुंद वाट होती, लांबलेली रांग होती. परंतु तेथे तीन पलटणी नष्ट झाल्या. उंबरखिंडीत शत्रूला कोंडल्यावर, संपविणे शक्य असतानाही, अभय देण्यात आले. युद्धाचा हेतू साधला होता. पनवेल-कल्याणचा मुलूख वाचला होता, शत्रूची सामग्री हाती आली होती. अधिक रक्त सांडून काही मिळणार नव्हते. सोहळ्यात आपण विजयाचा जयजयकार करतो तो योग्यच आहे. पण या अभयाचाही उल्लेख त्याच आवाजात व्हावयास हवा, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

खाली येताना मी तात्यांना शेवट सांगितला. फौजेने सारे सामान तेथेच ठेवले आणि ती परत गेली. तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे त्या दिशी हमाल लोक मोकळ्या डोक्यानं घाट चढलं आसतील. त्येंच्या मनाला काय वाटलं आसंल रं?”

याचे उत्तर परमानंदाने दिलेले नाही. तो सरदारांची नावे देतो, त्यांच्या शौर्याचे वर्णन करतो. ओझी वाहणाऱ्यांची नावे देत नाही. त्यात त्या कवीचा दोष नाही. त्या काळी तशी रीत नव्हती. पण ती माणसे तेथे होती, हे निश्चित. त्यांच्यावाचून एकही तंबू खिंडीत उतरला नसता.

समारोप

खाली स्मारकापाशी आलो तेव्हा गर्दी ओसरली होती. आमचे सर तेथे भेटले. मी क्षणभर घुटमळलो, मग तात्यांची ओळख करून दिली आणि उतरणीचे गणित त्यांना सांगितले. सर तात्यांशेजारी दगडावर बसले व बाजारातील फळीविषयी, पूर्वीच्या शंभर किलोच्या गोणीविषयी बराच वेळ विचारीत राहिले. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. त्यातले निम्मे मलाही ठाऊक नव्हते, कारण एकोणीस वर्षांत मी कधी विचारलेच नव्हते.

या अभ्यासातून मला मिळालेले तीन निष्कर्ष थोडक्यात नोंदवितो. पहिला, स्मृतिदिनी रणभूमीस भेट देणाऱ्याने स्मारकापाशी थांबू नये. निदान तासभर प्रत्यक्ष वाटेने चालावे आणि चढ, पाणी, झाडी, रुंदी यांची नोंद करावी. दुसरा, ग्रंथातील वर्णन आणि जमीन ही एकमेकांशी ताडून पाहावीत. उंबरखिंडीत ती जुळतात, प्रत्येक ठिकाणी जुळतीलच असे नाही. तिसरा, जमिनीचे ज्ञान केवळ ग्रंथांत नसते. मोळी आणणारी बाई, गुराखी, हमाल यांना जे पायांनी ठाऊक असते ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारून घेतले पाहिजे.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे अनेक विद्यार्थी आहेत, ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजात गेलेले नाही. घरच्यांना आपला विषय समजणार नाही, असे आपण गृहीत धरतो. माझी त्यांना विनंती आहे की पुढील २ फेब्रुवारीस उंबरखिंडीस याल तेव्हा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास सोबत आणा, आणि त्यांना स्मारकाच्या पुढे, वरच्या वाटेने न्या.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. ज्या वळणावर आम्ही बसलो तेथे वाट तात्यांच्या अडीच पावलांइतकी रुंद आहे. मोकळ्या माणसाच्या अडीच पावलांइतकी. डोक्यावर ओझे असेल तर तेवढी नाही.